पी हळद आणि हो गोरी?



हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला तुमच्यापैकी कितीतरी जण जाऊन आले असतील. भंडारा उधळला जातो आणि माणसे, ढोल, छत्र्या, रस्ता सारे पिवळेधमक होऊन जाते. घरी येऊन आंघोळ केली तरी कानामागे आणि नखांच्या कडेला पिवळेपण राहते. चार दिवसांत तेही जाते. लग्नात लावलेल्या हळदीचेही तेच. आता सांगा, एवढी हळद अंगावर पडली, त्यातली अंगात किती गेली?

हा प्रश्न मला आपला आपण सुचलेला नाही. राधानगरी तालुक्यातल्या एका वहिनींमुळे तो डोक्यात आला. भाताच्या रोपलावणीत महिनाभर गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी पडून सोलली होती, रात्री आग आणि खाज यांनी डोळा लागत नव्हता. मुलाने तालुक्याच्या गावाहून एक ट्यूब आणून दिली. तिच्यावर हळकुंडाचे चित्र आणि खाली 'लायपोसोमयुक्त' असा मोठा शब्द. वहिनी मला म्हणाल्या, "दादा, हळद तर माझ्या डब्यात हाय. मग ह्या एवढ्याशा नळीला सहाशे रुपयं कशापायी द्यायचं? आनि ह्यो लायपो का काय, त्यो कुटला पाला म्हनायचा?"

प्रश्न रास्त होता. सहाशे रुपये म्हणजे लावणीची दोन दिवसांची मजुरी. तेव्हा आज याचाच उलगडा करू.

लायपोसोम हा पाला नाही की मुळी नाही. ती औषध वाहून नेणारी गाडी आहे. पण गाडी कळायची तर आधी वाट कळली पाहिजे. आणि वाट आहे आपल्या कातडीतून.

कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक असे पंधरा-वीस पदर, तरी सगळ्यांची मिळून जाडी वहीच्या कागदाहून कितीतरी कमी. तळहात आणि तळपाय तेवढे जाड. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि विटांच्या सांध्यात माती किंवा सिमेंट नसून चरबी भरलेली असते. म्हणून तर पंचगंगेत तासभर डुंबलो तरी नदीचे पाणी अंगात शिरत नाही. चरबीचे सांधे पाण्याला अडवतात. ज्याला चरबीत विरघळता येते आणि ज्याचा कण फार मोठा नाही, त्यालाच या सांध्यांतून थोडीफार वाट मिळते.

आता हळदीकडे या. हळदीचा पिवळा रंग आणि पुष्कळसा गुण ज्यात आहे त्या द्रव्याला कुरक्युमिन म्हणतात. १८१५ साली दोन युरोपीय शास्त्रज्ञांनी ते हळदीतून वेगळे काढले. वाळल्या हळदीत ते शेकडा दोन ते पाच भाग असते. त्याचा कण लहान आहे, म्हणजे भिंतीतून जाण्याजोगा. मग अडते कुठे? ते स्वयंपाकघरातच पाहा. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद ढवळा आणि तासभर ठेवा. हळद तळाशी बसलेली दिसेल. हीच हळद फोडणीत टाका, तेल लगेच पिवळे होते. कुरक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. नुसती पूड अंगावर टाकली तर तिचे कण भिंतीबाहेर बसून राहतात आणि वरच्या मेल्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर निघून जातात. भंडारा चार दिवसांत जातो तो असा.

पोटातून घेतले तरी फारसा फरक पडत नाही. प्यालेल्या हळदीतले कुरक्युमिन रक्तात अगदी थोडे उतरते, बाकीचे जसे आले तसे बाहेर जाते. 'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण उतावळ्या माणसासाठी आहे, पण रसायनशास्त्रानेही ती खरी ठरवली म्हणायची!

आपल्या जुन्या माणसांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण अनुभव होता. म्हणून आजीने हळद लावली ती तेलात नाहीतर तुपात कालवून. आयुर्वेदात औषधी तेल सिद्ध करण्याचे ठरलेले माप आहे. वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल चार भाग आणि काढा किंवा रस सोळा भाग. पाणी आटेपर्यंत हे उकळायचे, म्हणजे वनस्पतीतले तेलात उतरण्याजोगे तेवढे उतरते. दुसरा प्रकार शतधौत घृताचा. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचे. होता होता ते पांढरेशुभ्र, लोण्यासारखे मऊ मलम होते. तूप आणि पाणी एकमेकांत बारीक मिसळून कातडीला मानवेल असे मलम करायचे, ही युक्ती जुनीच आहे. लायपोसोम हे त्याच वाटेवरचे फार पुढचे पाऊल.

हे पाऊल टाकले गेले तेही शेतीच्याच आवारात, बरे का. इंग्लंडात केंब्रिजजवळ बाब्रहॅम नावाच्या गावी जनावरांच्या शरीराचा अभ्यास करणारी सरकारी कृषी संशोधनसंस्था होती. तिथे ॲलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ रक्त कसे गोठते याचा अभ्यास करीत होते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ पाण्यात घालून हॉर्न या सहकाऱ्याबरोबर इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पाण्यात बारीक बारीक गोल पिशव्या तरंगताना दिसल्या. पिशवीची भिंत स्निग्ध, आणि आत पाणी कोंडलेले. १९६४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे या पिशव्यांना लायपोसोम हे ग्रीक नाव पडले. लायपोस म्हणजे चरबी आणि सोमा म्हणजे देह.

पिशवी आपोआप कशी होते? भर उन्हात माळावर बसवलेली मेंढरे तुम्ही पाहिली असतील. प्रत्येक मेंढरू आपले डोके दुसऱ्याच्या पोटाखाली सावलीत खुपसते आणि सगळ्यांचा गोल घोळका होतो. लेसिथिनच्या कणाचेही असेच आहे. त्याच्या डोक्याला पाणी आवडते, पण त्याला दोन शेपट्या असतात आणि त्यांना पाण्याचे वावडे. पाण्यात पडले की हे कण शेपट्या आत लपवून दुहेरी रांग धरतात आणि ती रांग वळून गोल बंद होते. झाली पिशवी. ती इतकी लहान की माणसाच्या केसाच्या जाडीवर तशा शेकडो एका ओळीत मावतील.

या पिशवीत माल दोन जागी भरता येतो. पाण्यात विरघळणारा रस आतल्या पाण्यात राहतो. कुरक्युमिनसारखे तेलात विरघळणारे द्रव्य पिशवीच्या स्निग्ध भिंतीतच मुरून बसते. आणि भिंत मूळची स्निग्ध असल्यामुळे कातडीतल्या चरबीशी तिचे नाते जमते.

आता हे लेसिथिन येते कुठून? पहिल्यांदा ते अंड्याच्या बलकातून काढले गेले. आज बहुतेक सोयाबीनपासून मिळते. होय, आपल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात पिकते तेच सोयाबीन. गिरणीत निघालेल्या कच्च्या तेलात थोडे गरम पाणी मिसळले की एक चिकट गाळ वेगळा होतो. तेल साफ करताना तो काढावाच लागतो. त्याच गाळापासून लेसिथिन होते. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचा, तिथेही त्याचे नाव सापडेल. शेजारच्या सांगलीची हळद, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपले सोयाबीन! गाडी आणि गाडीतला माल, दोन्ही आपल्याच नदीकाठचे.

कातडीवर या गाडीचा पहिला नाव घेण्याजोगा प्रयोग कॅनडात झाला. १९८० साली डलहौसी विद्यापीठातल्या मायकेल मेझाई यांनी कातडीवर लावायचे एक औषध लायपोसोममध्ये भरून सशांना लावले. साध्या मलमापेक्षा कातडीत ते चार-पाच पट अधिक साठले, आणि शरीरात इतरत्र मात्र कमी पसरले. ही गोष्ट मोलाची होती. औषध जिथे हवे तिथे जास्त आणि नको तिथे कमी. पुढे १९८६ साली पॅरिसच्या एका प्रसाधन कंपनीने लायपोसोमचे मलम बाजारात आणले, आणि तेव्हापासून हा शब्द डब्या-नळ्यांवर झळकू लागला.

आपल्याकडेही हे ज्ञान परके राहिलेले नाही. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूरला भारती विद्यापीठाचे आणि वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे अशी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. देशभर लागू असलेल्या बी. फार्मसीच्या अभ्यासक्रमात लायपोसोम हा धडाच आहे. तुमच्या गावचा कोणी मुलगा किंवा मुलगी तिथे शिकत असेल तर विचारा. ती सांगेल, की लेसिथिन रसायनात विरघळवून गोल चंबूत घालतात, चंबू फिरवत रसायन उडवून लावतात, आणि काचेला आतून पातळ साय धरली की कोमट पाणी घालून हलवतात. सायीच्या पिशव्या होतात. मग औषध कातडीतून किती गेले हे मोजायला डुकराच्या कानाची कातडी दोन काचपात्रांच्या मध्ये ताणून बसवतात, कारण ती माणसाच्या कातडीशी पुष्कळ मिळतीजुळती असते. वरच्या पात्रात औषध घालायचे आणि खालच्यात किती उतरले ते तासातासाला तपासायचे.

लायपोसोम म्हणजे नुसती जाहिरात नव्हे, याचा पुरावा मुंबईत आहे. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे जालीम औषध आहे, पण ते नुसते शिरेतून दिले तर मूत्रपिंडाला इजा करते. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लायपोसोममध्ये भरून देशी औषध तयार करण्याचे आणि रुग्णांवर तपासण्याचे काम केले. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार आला, तेव्हा याच जातीच्या इंजेक्शनासाठी महाराष्ट्रात नातेवाईक गावोगाव वणवण फिरले. ती सुई शिरेतून द्यायची होती, कातडीवर लावायची नव्हती. पण पिशवी तीच, आणि तिने माणसे वाचवली.

मग वहिनींनी ती ट्यूब घ्यावी की नाही?

आता तराजू सरळ धरून बोलू. साधा लायपोसोम कातडीची भिंत ओलांडून सबंधच्या सबंध आत जात नाही. बहुतेक पिशव्या वरच्या थरात फुटतात, त्यांची चरबी कातडीच्या चरबीत मिसळते आणि माल तिथेच आसपास साठून हळूहळू खाली झिरपतो. अधिक लवचीक पिशव्यांवर जर्मनी आणि इस्रायलमध्ये पुढे पुष्कळ काम झाले आहे. कुरक्युमिन अशा पिशव्यांतून कातडीत जास्त उतरते, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. पण कातडीच्या तुकड्यात उतरणे वेगळे आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईचा पाय बरा होणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा माणसांवर तपासलेला पुरावा अजून तोकडा आहे. शिवाय नळीवर शब्द छापला म्हणून आत पिशव्या शाबूत असतीलच असे नाही. उष्णतेने त्या एकमेकींत मिसळून फुटतात, चरबी खवट होते. पत्र्याच्या दुकानात वैशाख काढलेल्या नळीत काय उरले असेल ते तुम्हीच ताडा. कुरक्युमिन तर उजेडानेच मरते. हळदीचा डाग पडलेला सदरा उन्हात टाकला की डाग उडतो, हे प्रत्येक घरधनिणीला ठाऊक आहे.

आणि चिखल्यांत तर एक गोष्ट उलटीच आहे. तिथे भिंत आधीच फुटलेली असते! आत जाण्यासाठी गाडीची गरजच उरलेली नसते. गरज असते ती भिंत पुन्हा बांधली जाण्याची. म्हणून वहिनींना मी सांगितले ते असे. शेतातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवा, बेचके सुती फडक्याने कोरडे करा आणि उघडे, कोरडे राहू द्या. चिखलात उतरण्याआधी, कातडी फुटलेली नसताना, बोटांमध्ये खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळा, म्हणजे पाण्याला आडोसा होतो. जमेल तिथे गमबूट वापरा. आठवड्यात उतार पडला नाही, किंवा पू, सूज, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बुरशीवरचे साधे मलम तिथे मिळू शकते, आणि ते सहाशेच्या नळीहून खात्रीचे. मधुमेह असेल त्याने एक दिवसही थांबू नये. आणखी एक भीती ध्यानात ठेवा. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोचा जंतू याच फुटक्या कातडीवाटे अंगात शिरतो. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर "पावसाचा ताप" म्हणून घरी बसू नका. चिखलात काम करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

नळी घ्यायचीच असेल तर तिच्यावर उत्पादनाचा परवाना क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, घटकांची यादी पाहा. 'कोड घालवू' असे जाहिरातीत छापणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसे लिहिलेली वस्तू परत द्या. लावल्यावर एका रात्रीत खाज थांबली तर हरखून जाऊ नका. वनस्पतीच्या नावाखाली आत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने गजकर्ण दबते आणि मग दुप्पट पसरते, कातडी पातळ होते. घरात सोयाबीन वाटून लायपोसोम करण्याच्या फंदातही पडू नका, आणि बाजारची रंग दिलेली हळद फुटलेल्या कातडीवर भरू नका.

हळदीचा मान यामुळे कमी होत नाही. जखम भरण्यासाठी हळद, या आजीच्या औषधावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला चक्क पेटंट दिले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्यातल्या माशेलचे, तेव्हा देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे करून दावा लढवला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करविले. तो लढा जिंकला तो पुराव्याने. मग हळदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नळीलाही आपण पुरावाच मागावा, नाही का?

जाता जाता शेतकरी बंधूंना एक सांगायचे आहे, आणि आजच्या लेखातले सर्वांत महत्त्वाचे हेच समजा. औषधाला आत नेण्यासाठी शास्त्रज्ञ एवढी खटपट करतात, पण काही द्रव्ये गाडीवाचूनच आत जातात. फवारणीची अनेक कीटकनाशके तेलात विरघळणारी आणि लहान कणांची असतात. चरबीचे सांधे त्यांना मोकळे रान. १९७१ साली अमेरिकेत मायबाख यांनी पॅराथिऑन या कीटकनाशकावर प्रयोग केले. हाताच्या कातडीतून जितके आत गेले त्याच्या सुमारे बारा पट जांघेतल्या नाजूक कातडीतून गेले. आता पाठीवरचा गळका पंप आठवा. पाणी पाठीवरून ओघळत कुठे जाते? पॅंट भिजून कुठे चिकटते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विष श्वासातून गेले तसे कातडीतूनही गेले.

तेव्हा पंपाचे वायसर आणि नळी आधी तपासा. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडके आणि कमरेपासून खाली प्लॅस्टिकचा आडोसा असू द्या. कपडे भिजले तर ओळ पुरी होण्याची वाट पाहू नका, तिथल्या तिथे काढा आणि साबणाने अंग धुवा. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, धुणारीच्या हाताला कातडीच आहे. डबीवर लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल विष, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

वहिनींचे पाय बरे झाले. दहा-बारा दिवस लागले. नळी दुकानदाराने परत घेतली नाही, म्हणून ती अजून कोनाड्यात आहे. परवा भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "दादा, त्या सहाशेत गमबूट आलं आसतं की!"

आले असते, वहिनी. पुढच्या लावणीला आधी ते आणा.